क्रूझवर सूट लागतो का, ग्रॅच्युइटी काढावी का, ड्रिल टाळली तर चालते का?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे, ताई, त्यांचे यजमान आणि शाळेत जाणारी दोन मुलं, असे सहा जण मे महिन्यात रोमहून सुटणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझवर निघालेत. घर पूर्ण शाकाहारी, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. ओळखीतल्यांनी तीन सल्ले दिलेत. पहिला, सूट शिवून घ्या, नाहीतर जेवायला आत घेत नाहीत. दुसरा, रोजची ग्रॅच्युइटी, म्हणजे सेवा करणाऱ्यांसाठी आपल्या खात्यावर चढणारी टिप, काउंटरवर जाऊन काढून टाका. तिसरा, ड्रिलला, म्हणजे संकटात काय करायचं त्याच्या तालमीला, कुणी जात नाही, खुशाल केबिनमध्ये झोपा. शिवाय सासरे म्हणतात, ‘आम्ही लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने देवगडला जायचो, तेव्हा कुठे होती ड्रिल?’ यातलं खरं किती, असं ताईंनी विचारलंय.

ताई, मी बरीच वर्षं क्रूझ जहाजांवर डायनिंगमध्ये होतो. असिस्टंट वेटर म्हणून चढलो, मेत्र-डी, म्हणजे डायनिंग रूमचा प्रमुख, म्हणून उतरलो. त्यामुळे माझं उत्तर जेवणाच्या टेबलाकडून येणार, हे आधीच सांगतो. सूट आणि ग्रॅच्युइटीचे सल्ले कधी ना कधी, कुठल्या ना कुठल्या जहाजावर खरे होते. ड्रिलचा कधीच नव्हता. क्रूझवरचे रिवाज गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इतके बदललेत की २००५ साली फिरून आलेला माणूस आणि मागच्या वर्षी फिरून आलेला माणूस जणू दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात. पूर्वी जहाजाची पद्धतच अशी होती की तुमची आणि तुमची सेवा करणाऱ्या माणसांची ओळख आपोआप व्हायची. आता ती आपोआप होत नाही. तुमच्या घरात वयस्कर माणसं आहेत, खाण्याची पथ्यं आहेत, म्हणून ती ओळख तुम्हाला मुद्दाम करून घ्यावी लागेल. तुमचा खरा प्रश्न मला तरी हाच वाटतो.

बरंच काही कंपनीवर अवलंबून असतं. तुम्ही कंपनीचं नाव दिलेलं नाही, म्हणून जिथे फरक पडतो तिथे तसं सांगत जातो. तिकिटाबरोबर आलेली कागदपत्रं वाचा, त्यात कपड्यांचा आणि सेवाशुल्काचा परिच्छेद असतोच.

कपड्यांपासून सुरुवात करतो, कारण ते सोपं आहे. पूर्वी सात रात्रींच्या सफरीत दोन तरी फॉर्मल नाइट असायच्या. पुरुष टक्सिडोत, बायका गाऊनमध्ये, कॅप्टनची कॉकटेल पार्टी, जिन्यावर फोटो. मग २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणली. हवं तेव्हा, हव्या त्या रेस्टॉरंटमध्ये जेवा आणि सूटची सक्ती नाही. लोकांना ते आवडलं आणि बाकीच्या कंपन्याही कमी-जास्त प्रमाणात त्याच वाटेने गेल्या. सेलिब्रिटीने २०१५ मध्ये फॉर्मल नाइट बंद करून ‘इव्हिनिंग शिक’ नावाचा सैल प्रकार आणला. आज भूमध्य समुद्रातल्या बहुतेक मोठ्या जहाजांवर एक-दोन संध्याकाळी नटूनथटून यावं अशी अपेक्षा असते, पण सूट नाही म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत. क्युनार्डसारखी एखादी कंपनी जुना थाट जपून आहे. तिथे गाला संध्याकाळी मुख्य डायनिंगमध्ये डिनर जॅकेट किंवा गडद सूट लागतो. पण तिथेही आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख चालतो.

तेव्हा सूट शिवू नका. सासूबाईंची आणि तुमची एकेक चांगली साडी, यजमानांना आणि सासऱ्यांना बंदगळा किंवा सिल्कचा कुर्ता, एवढं कुठल्याही जहाजावर शोभून दिसेल. काय चालत नाही ते मात्र लक्षात ठेवा. रात्री डायनिंग रूममध्ये पोहण्याचे कपडे, बिनबाह्यांचे गंजी, रबरी स्लिपर आणि टोपी चालत नाही. मुलांनाही नाही. मी दारावर उभा असताना अशा लोकांना थांबवावं लागायचं आणि दर वेळी ते उत्तर देत, ‘मी पैसे भरलेत.’ पैसे बाजूच्या टेबलावर बसलेल्यांनीही भरलेले असतात. आणि एक, वरच्या डेकवर वारा फार असतो आणि लाकडी फरशी ओली असते. सासूबाईंच्या साडीला जास्तीच्या पिना लावा आणि पायात पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल असू द्या.

आता जेवण. इथे थोडा जास्त वेळ घेतो.

मुख्य डायनिंग रूममध्ये जेवायच्या दोन पद्धती असतात. जुनी म्हणजे ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल, सातही रात्री तोच वेटर आणि तोच असिस्टंट. पहिली पंगत साधारण सहाच्या सुमारास, दुसरी सव्वाआठ-साडेआठला. नवीन पद्धत म्हणजे अ‍ॅपवर वेळ घ्या किंवा सरळ दारात जा, जे टेबल मिळेल ते. तरुण जोडप्यांना नवी पद्धत सोयीची आहे. तुम्ही जुनी घ्या, दुसरी पंगत घ्या. बुकिंग करतानाच सांगा, कारण जहाजावर चढल्यावर बदलून मिळेलच असं नाही. तुमची कंपनी ठरलेली वेळ देतच नसेल, तर पहिल्या रात्री ज्या वेटरकडे बसाल त्याच्याच भागात रोज एकाच वेळेला टेबल मागा. बहुतेक वेळा जमवून देतात.

कारण सांगतो. जहाजाच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, एका रात्रीत हजारो ताटं निघतात. भाजी किती चिरायची, सॉस किती करायचे, हे सगळं आदल्या दिवशी ठरतं. रात्री नऊला ‘जरा वरणभात मिळेल का’ म्हटलं, तर वेटरची कितीही इच्छा असली तरी मागे कुकर लावलेला नसतो. तेच आदल्या रात्री सांगितलं, तर गॅलीतल्या भारतीय स्वयंपाक्याकडे चिठ्ठी जाते. तो त्या रात्रीच्या सगळ्या भारतीय ऑर्डर एकत्र करतो आणि तुमच्यापुढे डाळ, भाजी, भात, जमलं तर पोळी येते. ज्या टेबलांवर भारतीय शाकाहारी कुटुंब असे, तिथे मी मुख्य पदार्थ वाढून झाला की उद्याचा मेनू घेऊन जात असे आणि विचारत असे, ‘आजीबाईंना उद्या काय करू?’ हे रोज नवीन टेबल, नवीन वेटर असेल तर होऊच शकत नाही. दुसऱ्या दिवशीच्या वेटरला तुमच्या घरातलं काहीच माहीत नसतं.

सांगायचं कसं, हेही महत्त्वाचं. इंडोनेशिया, फिलिपिन्स किंवा पेरूच्या मुलाला ‘जैन’ किंवा ‘प्युअर व्हेज’ म्हणजे काय ते कळेलच असं नाही. यादीच द्या. मांस नाही, मासे नाहीत, अंडं चालतं की नाही, कांदा नाही, लसूण नाही, बटाटा चालतो. सुपाबद्दल वेगळं विचारा, कारण भाज्यांचं म्हणून येणारं सूप चिकनच्या पाण्यात केलेलं असू शकतं. बऱ्याच चीजमध्ये रेनेट, म्हणजे प्राण्यांच्या पोटातून काढलेलं विरजण, असतं, ते चालत नसेल तर तेही सांगा. हीच यादी निघण्याच्या काही आठवडे आधी बुकिंग एजंटमार्फत कंपनीला कळवा आणि चढल्या दिवशी दुपारीच डायनिंग रूमच्या दारावर जाऊन मेत्र-डीला हातात द्या. त्या दुपारी तो तिथे अशाच विनंत्या घ्यायला उभा असतो. पहिल्या रात्रीच्या गर्दीत सांगितलेली गोष्ट हरवण्याची शक्यता फार.

घरून खाकरा, चिवडा, लाडू न्यायचे तर कंपनीच्या सीलबंद पाकिटातले न्या. घरी केलेलं अन्न बऱ्याच कंपन्या चढताना काढून घेतात. इलेक्ट्रिक किटली, पाण्यात टाकायचा हीटर, इस्त्री हे सगळं जप्त होतं. आणि केबिनमध्ये निरांजन, उदबत्ती, कापूर अजिबात नको. समुद्रावर आग लागणं यासारखं दुसरं भय नाही आणि केबिनमधला धूर लगेच ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात तिथे, कळतो. सासूबाईंची रोजची पूजा असेल तर बॅटरीवरचा दिवा घेऊन जा. याबाबत माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचाही सल्ला ऐकू नका.

बुफेच्या दारात क्रू उभा राहून हात धुवायला सांगतो, काही जहाजांवर तर ‘वॉशी वॉशी’ म्हणत गातात. मुलांना ती गंमत वाटेल, पण कारण गंभीर आहे. नोरोव्हायरस नावाचा उलट्या-जुलाबांचा विषाणू जहाजावर झपाट्याने पसरतो आणि तो नुसत्या सॅनिटायझरने नीट जात नाही, साबण-पाणीच लागतं. सत्तरीतल्या माणसाला तो आडवा करतो. मुलांना टॉयलेटनंतर आणि बुफेच्या आधी साबणाने हात धुवायला लावा.

ग्रॅच्युइटीचं उत्तर एका ओळीत देता येईल, काढू नका. पण का, ते समजून घ्या.

पूर्वी शेवटच्या रात्री लिफाफे असायचे. वेटर, असिस्टंट, केबिनवाला, हेड वेटर, प्रत्येकाला वेगळा. आठवडाभराची ओळख असायची, म्हणून बहुतेक लोक मनापासून द्यायचे. पण त्याच शेवटच्या रात्री काही टेबलं रिकामी असायची. देणं टाळायला ती मंडळी वर बुफेत जेवायची. पुढे हवं तिथे जेवायची पद्धत आली तेव्हा लिफाफा कुणाला द्यायचा हेच कळेना. म्हणून ही रक्कम रोज तुमच्या खात्यावर आपोआप चढू लागली. आज मोठ्या अमेरिकन कंपन्यांत साध्या केबिनला माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर लागतात. युरोपीय कंपन्यांत रक्कम वेगळी असते आणि काही ठिकाणी मुलांना कमी आकारतात. अमेरिकन दराने तुमच्या सहा जणांचे सात रात्रींचे पावणेसातशे ते साडेआठशे डॉलर होऊ शकतात. हा आकडा मोठा आहे आणि तो ऐनवेळी कळला की राग येतो, तेही मला समजतं. म्हणून तो तिकिटाच्या किमतीतच धरा आणि आधीच भरता येत असेल तर भरून टाका. काही कंपन्यांत ही रक्कम भाड्यातच असते, काही ठिकाणी बंधनकारक असते आणि काही ठिकाणी काउंटरवर जाऊन कमी करता येते. तुम्हाला मिळालेला सल्ला या शेवटच्या प्रकाराबद्दल आहे.

ही रक्कम कुठे जाते? वेटर आणि केबिनवाल्यांकडे तर जातेच, पण बऱ्याच कंपन्यांत लाँड्रीत आणि पडद्यामागे राबणाऱ्यांनाही तिचा वाटा असतो. नाव ग्रॅच्युइटी असलं तरी तो पगाराचाच भाग आहे. सहा ते नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, त्यात आठवड्याची सुट्टी नाही. २० ऑगस्ट २०१३ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराने चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती ठरवून दिली. म्हणजे उरलेले तास कामाचे असू शकतात, हे लक्षात घ्या. ‘आम्ही काउंटरवरून काढू आणि आमच्या वेटरला रोख देऊ’ असंही काही लोक म्हणतात. काही कंपन्यांत असा नियम आहे की ज्या प्रवाशाने ग्रॅच्युइटी काढली, त्याच्याकडून मिळालेली रोख वेटरने जमा करायची. त्याच्या हाती काही राहत नाही आणि लाँड्रीतल्या मुलाचा वाटा बुडतो तो वेगळाच.

वर आणखी द्यावं का? सक्ती नाही. कुणी खरंच तुमच्यासाठी धडपडलं असेल, जसं सासूबाईंची डाळ रोज वेळेवर आणली, तर शेवटच्या रात्री हातात काही द्या, छान वाटतं. बारमध्ये मात्र बिलात सेवाशुल्क बहुतेक आधीच धरलेलं असतं, त्याखालची टिपची रिकामी ओळ रिकामीच ठेवली तरी चालतं. आणि पैशाइतकीच किंमत असलेली गोष्ट म्हणजे सफरीनंतर ई-मेलवर येणारा अभिप्राय. त्यात वेटरचं आणि केबिनवाल्याचं नाव लिहा, काय केलं ते एका वाक्यात लिहा. बढती आणि पुढचं कॉन्ट्रॅक्ट ठरताना ही नावं बघितली जातात. नाव छातीवरच्या पट्टीवर असतं, देशासकट. पहिल्याच रात्री वाचा आणि त्या नावाने हाक मारा, चुटकी वाजवून किंवा ‘शुक शुक’ करून नको. गोवा-सिंधुदुर्गची पुष्कळ मुलं जहाजांवर आहेत, एखादा मराठी बोलणारा भेटेलच. त्याच्याशी दोन शब्द जरूर बोला, पण त्याला पगार विचारू नका आणि फराळाला केबिनमध्ये बोलावू नका. पाहुण्यांच्या केबिनमध्ये कामाशिवाय गेल्यास त्याची नोकरी जाऊ शकते.

केबिनची सेवाही बदलली आहे. पूर्वी दिवसातून दोनदा खोली आवरायचे, रात्री उशीवर चॉकलेट आणि टॉवेलचा हत्ती असायचा. आता बऱ्याच कंपन्यांत साध्या केबिनला एकदाच येतात. सकाळी की संध्याकाळी, ते पहिल्या दिवशी विचारतात. दाराखालून येणारं रोजच्या कार्यक्रमांचं छापील पत्रकही अ‍ॅपमध्ये गेलंय. सासू-सासऱ्यांना फोन चाळायची सवय नसेल तर काउंटरवर छापील प्रत मागा. फोन मात्र बंदर सुटताच एअरप्लेन मोडवर टाका आणि जहाजाच्या वायफायला जोडा. अ‍ॅप त्यावर इंटरनेट विकत न घेता चालतं. नाहीतर समुद्रातल्या रोमिंगचं बिल घरी गेल्यावर येतं.

आता ड्रिल. इथे परिस्थितीवर काहीही अवलंबून नाही. जायचंच.

तुम्ही जिथून चढणार ते ‘रोम’ म्हणजे खरं तर चिव्हितावेक्किया बंदर, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. याच बंदरातून १३ जानेवारी २०१२ च्या संध्याकाळी कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट निघाली, काही तासांत जिल्यो बेटाजवळच्या खडकावर आपटली आणि कलंडली. ३२ माणसं गेली. त्या दिवशी चिव्हितावेक्कियात चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती २४ तासांत घेतली तरी चालत होती. भूमध्य समुद्रात अशी जहाजं गोल फिरतात आणि प्रत्येक बंदरात थोडे प्रवासी चढतात-उतरतात, म्हणून ही फट राहिली होती. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी निघण्याआधीच ड्रिल घ्यायचं ठरवलं आणि १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियमातही तसा बदल झाला. तुमच्या सासऱ्यांना रामदास बोट नक्की माहीत असेल. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. तेव्हा ड्रिल नव्हती, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. त्यांना एवढंच सांगा.

पूर्वी सगळ्या प्रवाशांना एकाच वेळी डेकवर उभं करून ड्रिल घ्यायचे. २०२० नंतर बऱ्याच जहाजांवर पद्धत बदलली. व्हिडिओ अ‍ॅपवर किंवा केबिनच्या टीव्हीवर बघायचा, मग आपल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे संकटात जमायच्या ठरलेल्या जागी, जाऊन कार्ड स्कॅन करून घ्यायचं. पाच मिनिटांत होतं, वयस्कर माणसांना उन्हात उभं राहावं लागत नाही, हे चांगलं झालं. पण लोक बुफेतून लिफ्टने स्टेशनवर जातात, कार्ड दाखवतात आणि परत येतात. केबिनपासून तिथवरचा रस्ता त्यांच्या पायाखालून गेलेलाच नसतो. संकटात लिफ्ट वापरायची नसते. म्हणून सामान ठेवलं की सहाही जण केबिनच्या दारापासून निघा आणि सासू-सासऱ्यांच्या वेगाने, जिन्याने स्टेशनपर्यंत एकदा चाला. दाराच्या मागच्या बाजूला नकाशा असतो, स्टेशनचं अक्षर तुमच्या कार्डावर छापलेलं असतं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा मुलांकडून पाठ करून घ्या. कुणाला जिने चढणं-उतरणं जमणार नसेल, तर त्याच दिवशी काउंटरवर नोंद करा. अशा प्रवाशांची वेगळी यादी असते आणि त्यांना न्यायला माणूस नेमलेला असतो.

फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या विलफ्रान्शसारख्या ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या टेंडर बोटीने किनाऱ्यावर नेतात. कोकण बोटीतून पडावात उतरलेल्या सासऱ्यांना हे नवीन नाही, पण तेव्हाचे गुडघे वेगळे होते. तुमच्या बंदरांत टेंडर कुठे आहे ते आधी बघा. समुद्र हलत असेल तर त्या दिवशी ज्येष्ठांनी जहाजावरच राहिलेलं बरं. बंदरात स्वतःहून फिरायला गेलात, तर परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाने पाळा. उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

थोडक्यात क्रम असा: आता बुकिंगवर ठरलेली दुसरी पंगत आणि खाण्याची यादी, ग्रॅच्युइटी आधीच भरलेली, वैद्यकीय खर्चासकट प्रवासविमा. चढल्या दिवशी आधी जिन्याने मस्टर स्टेशन, मग मेत्र-डी. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठ्या लावून केबिनबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या थेट धक्क्यावरच परत मिळतात. तेव्हा सासू-सासऱ्यांची औषधं, सगळ्यांचे पासपोर्ट आणि सकाळी घालायचे कपडे हातातल्या पिशवीत काढून ठेवा.